घराचं काम देताना काय काय ठरवायचं, आणि ते ठरवायचं कोणी?

सातारकरीण

गवंडी फसवतो, रंगारी टंगळमंगळ करतो, फरशीवाला अर्ध्यात सोडून जातो, ही तक्रार कोणत्याही सोसायटीत ऐकू येते. माझं मत वेगळं आहे. पुण्या-ठाण्यातल्या जुन्या फ्लॅटच्या कामांत जी भांडणं होतात, त्यांतली बरीचशी पहिली छिन्नी लागण्याआधीच पेरलेली असतात, आणि पेरणारे आपण घरमालक असतो. फरशीचा रंग निवडायला आपण चार दुकानं पालथी घालतो आणि ती बसवणाऱ्याशी बोलणं दहा मिनिटांत उरकतो: "नेहमीसारखं करा, फिनिशिंग चांगलं पाहिजे." चांगलं म्हणजे काय, हे दोघांच्या मनात वेगवेगळं असतं.

फरशीचंच घ्या. जुन्या इमारतींत खोल्या सहसा गुनियात, म्हणजे काटकोनात, नसतात. एका टोकाला भिंत इंचभर आत, दुसऱ्या टोकाला बाहेर. अशा खोलीत फरशी कितीही सरळ रेषेत लावली तरी कुठल्या तरी भिंतीशी निमुळता तुकडा येणारच. तो कुठे लपवायचा, पलंगाखाली की दारामागे, हे चार ओळी कोरड्या मांडून आधी ठरवता येतं. ते न करता काम झाल्यावर "तिरकी लावली" म्हणून पैसे कापले जातात.

रंगाचंही तेच. पुट्टीचे दोन हात म्हणजे भिंत आरशासारखी सपाट, अशी समजूत असते. पुट्टीचा थर अगदी पातळ असतो. मूळ गिलाव्यालाच अर्धा इंच पोट आलं असेल तर ते पुट्टीत जिरत नाही. त्यासाठी पीओपीचं पनिंग, म्हणजे भिंत सपाट करणारा जाड थर, करावं लागतं आणि त्याचा दर वेगळा असतो. रंग झाल्यावर भिंतीला लागून एलईडीची पट्टी लावली की सगळ्या लाटा दिसतात आणि रंगारी चोर ठरतो.

मुदतीचं तर विचारूच नका. जुलैत काम काढायचं आणि "गणपतीच्या आत पाहिजे" म्हणायचं. सिमेंटच्या गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, मग तो वाळायला हवा. श्रावणातल्या दमट हवेत ओल्या भिंतीवर घाईने रंग चढवला तर दिवाळीपर्यंत फुगे येतात. त्यातून सुतार किंवा रंगारी कोकणातला असेल तर तोही गणपतीला गावी जाणार, आणि बिहारचा असेल तर छठला. यात दगाबाजी कुठली?

म्हणून माझं म्हणणं: काम देणाऱ्याने एक साधा कागद लिहावा. माल कोणाचा, राडारोडा खाली कोण नेणार, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची फरशीची पट्टी) रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीवर, मोजायचं की चौरस फुटात, कोणत्या टप्प्याला किती पैसे. हे आपलं काम आहे.

कर्वेनगर_४था_मजला

ताई, पूर्ण असहमत. खोली गुनियात नाही, हे मला कळावं अशी अपेक्षाच चूक आहे. काटकोन तपासायचा गुनिया आणि भिंत उभी सरळ आहे का ते बघायचा ओळंबा घेऊन कोण येतो? मिस्त्री. मग पहिल्या दिवशी त्याने सांगायला नको? ज्याला माहीत आहे त्याने बोलायचं, की ज्याला माहीत नाही त्याने विचारायचं?

आमच्या बाथरूमचं सांगतो. ठेकेदाराने जुन्या फरश्या फोडल्या, नवे पाइप टाकले, वॉटरप्रूफिंगचा हात मारला आणि दुसऱ्या दिवशी लगेच फरशी सुरू. पाणी कोंडून बघायचं असतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. नंतर खालच्यांच्या छतातून गळायला लागलं. आउटलेट बंद करून पाणी भरायचं, ते 48 ते 72 तास ठेवायचं, खालच्यांचं छत कोरडं राहतंय ना हे बघायचं आणि मगच फरशी लावायची, ही सगळी माहिती फरशी पुन्हा फोडताना मिळाली. ही जबाबदारी माझ्यावर टाकणार असाल तर तो 'अनुभवी' असल्याचे पैसे कशाचे घेतो?

ओळंबा

माझे वडील फरशीचं काम करतात, सुट्टीत मीही त्यांच्या हाताखाली बिगारी म्हणून जायचो. त्या बाजूने लिहितो.

कर्वेनगर, तुमच्या ठेकेदाराची बाजू मी घेणार नाही. पाणी न कोंडता फरशी लावणं हे चुकीचंच. पण "मिस्त्रीने सांगायला हवं" हे वाक्य ऐकलं की वाईट वाटतं, कारण सांगणाऱ्याचं काय होतं ते मी बघितलं आहे. दादा, म्हणजे माझे वडील, नवीन घरी जातात, खोलीचे कर्ण मोजतात, जमिनीची लेव्हल बघतात आणि सांगतात की आधी कोबा (खाली सिमेंट-काँक्रीटचा थर) करून लेव्हल काढावी लागेल, दोन बाय चारच्या मोठ्या फरशीची मजुरी जास्त पडेल, तुटफूट धरून माल दहा टक्के जास्त आणा आणि सगळ्या खोक्यांवर एकच बॅच नंबर बघा. मालक मान डोलावतात. मग दुसरा कोणी येतो, काहीच बोलत नाही, चौरस फुटाला कमी दर सांगतो. काम त्याला जातं. अडचणी सांगणारा माणूस महाग वाटतो, न सांगणारा स्वस्त. असं वर्षानुवर्षं चाललं की कारागीर गप्प राहायला शिकतात.

पैशांचंही सांगतो. दर आठवड्याला बिगाऱ्यांना खर्ची, म्हणजे खर्चापुरते पैसे, द्यावी लागते, त्यांच्या घरचा बाजार त्यावर चालतो. मालक म्हणतात, "काम पूर्ण झाल्यावर एकदम देऊ." मग मिस्त्रीने खर्ची कुठून द्यायची? तो दुसऱ्या साइटची उचल घेतो आणि दोन दिवस तिकडे जातो. तुम्हाला दिसतं ते एवढंच, की माणूस गायब झाला.

आणखी एक. बाथरूम फोडलेलं असताना कामगारांनी जायचं कुठे, हे कोणी ठरवतं का? दुसरं संडास वापरू देत नाहीत, सोसायटी लिफ्ट वापरू देत नाही. सिमेंटची पन्नास किलोची गोणी खांद्यावर घेऊन चौथा मजला चढणाऱ्या माणसाकडून आपण 'फिनिशिंग' मागतो. हेही त्या कागदात लिहा.

हिशेबनीस

इतकी चर्चा कशाला? अंगावर, म्हणजे ठेका ठरवून, काम देऊच नका. रोजंदारीवर घ्या, माल स्वतः आणा. घाई संपते, कामाचा दर्जा राहतो.

अबोली_ठाणे

@हिशेबनीस, दिवसभर घरी थांबून लक्ष ठेवणारं कोणी असेल तरच. आम्ही दोघंही नोकरी करतो. रोजंदारीत घाई नसते हे खरं, पण काम संपवायची ओढही नसते. शिवाय दुपारी तीनला "पांढरं सिमेंट संपलं" असा फोन आला की ऑफिसातून उठून कोण जाणार? लहान डागडुजीला रोजंदारी ठीक. आख्खं घर काढायचं असेल तर मोजमापाचा दर ठरवूनच द्यावं.

वकिलीण_बाई

कायद्याचं थोडं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत घरबांधणीही येते. मोबदला देऊन करून घेतलेल्या कामात त्रुटी राहिली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. अडतं ते पुराव्यापाशी. सगळे पैसे रोख, बिल नाही, कामात काय काय धरलं होतं याचा कागद नाही. अशा वेळी आयोगापुढे काय ठेवणार? मोबाइलवरचा मेसेजही कामी येतो: "आज हे ठरलं, एवढे दिले, हे बाकी." समोरच्याने त्यावर "ठीक आहे" लिहिलं तरी पुष्कळ.

कर्वेनगर_४था_मजला

@ओळंबा, खर्चीचा मुद्दा पटला, तो माझ्या डोक्यातच नव्हता. आठवड्याला पैसे द्यायला माझी ना नाही. पण शेवटचे दहा टक्के मी पाणी कोंडून बघितल्याशिवाय सोडणार नाही. तिथे तडजोड नाही.

ओळंबा

पाण्याची चाचणी होईपर्यंत राखून ठेवा, हरकत नाही. पण "एक पावसाळा जाऊ दे" म्हणू नका. मजुरीच्या कामात सगळं वाटून झाल्यावर मिस्त्रीच्या हातात राहतं ते जवळपास तेवढंच. दादांचे असे शेवटचे पैसे कितीदा बुडाले आहेत. कारण दरवेळी वेगळं असतं: कधी एका फरशीचा कोपरा, कधी "मुलगा परदेशातून आला की देतो".

सातारकरीण

कर्वेनगर, तुमचं निम्मं म्हणणं मान्य. बाथरूमच्या बाबतीत अडाणी असण्याचा हक्क मालकाला आहे. पाणी कोंडायचं हे ठेकेदाराने न विचारताच सांगायला हवं होतं. पण ओळंबाने लिहिलं ते माझ्या मुद्द्याच्या मुळाशी जातं. तीन दर मागवल्यावर ज्याने सगळ्यात जास्त प्रश्न विचारले त्याला आपण काम देतो का? दर खाली आणायला बसतो आणि खाली आलेल्या दरात त्या प्रश्न विचारणाऱ्यासारखं काम मागतो. ही अपेक्षा अन्यायाची आहे, आणि ती सोडणं फक्त आपल्या हातात आहे.

नवी_गृहिणी_नाशिक

मधेच विचारते. पुढच्या महिन्यात आमचंही बाथरूम काढणार आहोत. पाणी कोंडून झालं, सगळं कोरडं निघालं, आणि नंतर प्लंबरने गिझरचा पॉइंट सरकवायला भिंत फोडली तर? दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार ना?

ओळंबा

हमखास दाखवतात. म्हणून क्रम लिहून घ्या. आधी गिझर, मिक्सर (गरम-थंड पाण्याचा नळ), कमोड, बेसिन यांचे पॉइंट खडूने भिंतीवर मारून तुम्ही स्वतः पक्के करा. मग प्लंबर पाइप टाकेल आणि हातपंपाने प्रेशर देऊन गळती तपासेल. भिंत बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा, पुढे ड्रिल मारताना उपयोगी पडतो. त्यानंतर वॉटरप्रूफिंग, मग पाणी, मग फरशी. वॉटरप्रूफिंगनंतर छिन्नी लागली तर तो भाग पुन्हा करून परत पाणी कोंडायचं, आणि खर्च ज्याने पॉइंट बदलला त्याचा. तुम्ही बदलला असेल तर तुमचा, आणि हे प्लंबर व वॉटरप्रूफिंगवाला दोघांना एकाच वेळी समोर बसवून सांगा.

नवी_गृहिणी_नाशिक

लिहून घेतलं. गिझर कुठे हवा यावर घरात अजून एकमत नाही, तेवढं आज रात्री ठरवते.