नायटा घरभर फिरतोय, ट्यूब बंद करू की चालू ठेवू?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटी भागातला. आमच्याकडचा पाऊस कसा असतो ते पावसाळ्यात कणकुंबीला एकदा येऊन गेलेल्याला सांगायला नको. भाताच्या रोप लावणीला दिवसभर चिखलात, ओल्या कपड्यातच जेवण, ओल्यातच घरी. तेव्हा जांघेत खाज सुरू झाली. घामोळे समजून आठ दिवस पावडर मारली. मग गोल चट्टा उठला. कडेला लाल, बारीक पुटकुळ्या, मध्ये कातडी साफ. आई बघताच म्हणाली, नायटा. शेजारच्या कन्नड अक्का म्हणाल्या, हुळुकड्डी. निदान दोन भाषांत झाले, गुण मात्र एकाही भाषेत येईना.

आईने टाकळ्याचे बी लिंबाच्या रसात उगाळून लावले. आग तेवढी झाली. (याच टाकळ्याची भाजी आम्ही चवीने खातो, म्हणून राग धरला नाही.) मग औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली. ‘खाज आहे’ एवढेच सांगितले, जागा तिथे कशी दाखवणार! दुसऱ्या दिवशी खाज गायब, आठवड्यात चट्टा फिका. ट्यूब सोडली की चार दिवसांत परत, आधीपेक्षा मोठा. असे करत पाच ट्यूब संपल्या. आता गोल आकारही राहिला नाही, कमरेपर्यंत नुसता तपकिरी पसारा. मांडीला आतून पांढरट रेघा उठल्यात, बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा.

गणपतीत घर भरलेले, कुणाचा टॉवेल कुणी वापरला देव जाणे. आता बायकोच्या पोटावर, आईच्या कमरेवर आणि धाकट्या मुलीच्या गालावरही आलाय. मुलीला तीच ट्यूब लावणार होतो, तेवढ्यात बायकोने हात धरला. म्हणून हा धागा.

ट्यूब एकदम सोडली तर चालेल का? आईला बीपी आणि साखर आहे, तिला गोळ्या सोसतील का? बेळगावात कुठे दाखवू? खरे सांगायचे तर पाटीवर ‘त्वचारोग व गुप्तरोग’ एकत्र लिहिलेले असते, गावच्या कुणी बाहेर बघितले तर चार दिवस पारावर तोच विषय.

प्रतिसाद, निपाणीहून

दादा, मी औषधाच्या दुकानातच बसतो. ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसले तर ते स्टिरॉइड. त्याने सूज आणि खाज दबते, पण कातडीची प्रतिकारशक्तीही झोपते आणि खाली नायट्याची बुरशी निवांत वाढते. कड नाहीशी होऊन पसारा झाला तो त्यामुळेच, डॉक्टरही अशा वेळी ओळखायला चकतात. पांढऱ्या रेघा स्टिरॉइडच्याच, त्या सहसा पूर्ण जात नाहीत. वहिनींनी हात धरला ते फार बरे केले, गालाची कातडी आणखी नाजूक.

२०१८ मध्ये केंद्राने अशी बरीच मलमे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असे ठरवले. तरी विकली जातात. आमच्याच धंद्याची लाज आहे, काय बोलू.

ट्यूब सोडल्यावर काही दिवस खाज भडकेल. घाबरून परत लावू नका, त्याआधीच डॉक्टर गाठा. आईंच्या चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. नायट्याच्या काही गोळ्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांशी जमत नाहीत, हृदय कमजोर असेल तर तेही आधीच सांगा. बेळगावला सिव्हिलमध्ये त्वचारोगाची ओपीडी आहे. पाटीची लाज सोडा, आत निम्मे लोक नायट्याचेच असतात.

प्रतिसाद, बेळगाव शहरातून

चौघांनी एकाच वेळी उपचार घ्या, नाहीतर तो फिरतच राहतो. टॉवेल, आतले कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात घाला. ऊन नसेल तर इस्त्री, शिवणीवर जास्त. जीन्स तूर्त पेटीत.

धागाकर्ता, बारा दिवसांनी

सिव्हिलला जाऊन आलो. ब्लेडने हलके खरवडून काचपट्टीवर घेतले, थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, बुरशीच. मला आणि बायकोला इट्राकोनाझोलच्या गोळ्या, भरपेट जेवणानंतर. ॲसिडिटीची गोळी त्याबरोबर घ्यायची नाही, नाहीतर इट्राकोनाझोल नीट शोषले जात नाही. आधी यकृताची रक्ततपासणी केली. आईच्या गोळ्या बघून तिला वेगळे औषध दिले, मुलीला फक्त मलम. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटे लावायचे आणि डाग गेल्यावरही डॉक्टर सांगेपर्यंत सोडायचे नाही. पाच दिवस झोप नव्हती इतकी खाज होती, आता उतरतेय. निपाणीच्या दादांचे आभार.

एक भानगड मात्र राहिलीय. डॉक्टर म्हणाले, कमरेचा करदोटा काढून टाक, ओला राहतो आणि बुरशी त्यातच बसते. मी कात्री घेतली तशी आई स्वयंपाकघरातून धावत आली. वडील गेल्यावर तिने स्वतःच्या हाताने नवा बांधलेला. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी तिनेच तोडगा काढलाय: चांदीचा घाल, रोज धुऊन कोरडा कर. डॉक्टरांची पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. कुणी धातूचा वापरून बघितलाय का?