मदत हवी आहे : लटकत्या कुंड्यांतल्या पिटुनियाच्या कळ्या उमलत नाहीत

गॅलरीवाली :
नमस्कार मंडळी. गॅलरीत लटकत्या कुंड्यांमध्ये पिटुनिया लावलेत. डिसेंबरभर कठड्याच्या खालपर्यंत फुलंच फुलं होती, येणारा-जाणारा मान वर करून बघायचा. जानेवारी लागला आणि सगळं बंद. कळ्या धरतात, पण उमलत नाहीत, तशाच सुकून गळतात. रथसप्तमीच्या आत घरी हळदीकुंकू आहे आणि सध्या गॅलरीत नुसत्या हिरव्या झिपऱ्या लोंबतायत. पाणी, ऊन, खत सगळं व्यवस्थित चालू आहे, तेव्हा त्याबद्दलचे सल्ले नकोत. नेमका आणि लवकरचा उपाय सांगा.

बागुलबुवा :
पाणी, ऊन आणि खत वगळल्यावर झाडाबद्दल बोलायला उरतं काय? गाव कोणतं? गॅलरी कोणत्या दिशेची? कुंडी केवढी, माती कसली, खत कोणतं, किती दिवसांनी? फोटोही टाका.

मातीतली_माई :
केळ्याच्या साली दोन दिवस पाण्यात भिजत घाल आणि ते पाणी घाल गं. पालाश मिळतं. माझ्या जास्वंदीला या पाण्यावर अशा कळ्या लागतात की शेजारीण देवपूजेला मागायला येते.

गॅलरीवाली :
@बागुलबुवा, पुणे. पूर्वेची गॅलरी, ऊन भरपूर असतं. खत देते. फोटो चढवायचा प्रयत्न करतेय, साइट घेत नाहीये.
@माई, साली घातल्या होत्या. चिलटं झाली.

बागुलबुवा :
"खत देते" म्हणजे कोणतं खत, ताई? पिटुनियाला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. पूर्वेच्या गॅलरीत समोर इमारत असेल तर नऊला येऊन साडेदहाला जातं, आणि आपल्याला दिवसभर उजेड दिसतो म्हणून वाटतं की ऊन भरपूर. झाड उजेडावर जगतं, पण फुलत नाही.

गॅलरीवाली :
समोर मैदान आहे. सात ते साडेबारा कडक ऊन. मला झाडाला ऊन लागतं एवढं कळतं हो. डिसेंबरमध्ये याच गॅलरीत, याच उन्हात फुलत होतं ना? खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), आठवड्यातून एकदा, लिटरला एक ग्रॅम. कुंड्या दहा इंची, कोकोपीट आणि गांडूळखत.

खतपाणी_डॉट_घरी :
सापडलं! १९:१९:१९ बंद करा. फुलावर आलेल्या झाडाला एवढं नत्र दिलंत तर ते पालाच काढणार. आता ०:५२:३४ द्या, आठ दिवसांनी १३:०:४५. आमच्या द्राक्षबागेत हाच क्रम असतो.

बागुलबुवा :
ही द्राक्षबाग नाही. आणि नत्र जास्त झालं असतं तर कळ्याच धरल्या नसत्या. त्या म्हणतायत की कळ्या येतात, उमलत नाहीत. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

खतपाणी_डॉट_घरी :
सगळी झाडं एकाच नियमानं चालतात साहेब. नत्र, स्फुरद, पालाश. मी पंधरा वर्षं शेती करतोय.

बागुलबुवा :
मग पंधरा वर्षं कळी धरणं आणि कळी उमलणं यातला फरक बघितला असेलच.

हडसनकाठचा :
न्यूजर्सीहून लिहितोय. आमच्याकडे पिटुनियाच्या टोपल्या मे महिन्यात मदर्स डेच्या सुमारास दुकानात येतात. घाई करून एप्रिलमध्ये बाहेर टांगू नका, शेवटचं हिमतुषार जाईपर्यंत थांबा. उन्हाळ्यात रोज, कडक दिवसात दोनदा पाणी. ऑक्टोबरमध्ये पहिलं हिम पडलं की झाड काळं पडून संपतं.

मातीतली_माई :
पुण्यात हिम कुठलं बाबा? इथे नेमकं उलटं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी पेरायचं, थंडीत फुलं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात झाड मान टाकतं. बी खसखशीहूनही बारीक, ते मातीवर नुसतं भुरभुरवायचं. वरून माती टाकली की उगवत नाही, त्याला उजेड लागतो. पेरणीपासून फूल यायला दहा-बारा आठवडे जातात. मी पहिल्या वर्षी कोथिंबिरीसारखं पेरलं होतं, अजून उगवतंय.

तळमजला :
विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. वरच्या मजल्यावरच्यांच्या लोंबत्या कुंड्या फोटोत फार सुंदर दिसतात. खाली आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर रोज सकाळी कोकोपीटचं लाल पाणी टपकतं. सोसायटीत तीन पत्रं दिली. कठड्याच्या बाहेर कुंडी टांगायला बंदीच हवी.

गॅलरीवाली :
माझ्या कुंड्या आतल्या बाजूला आहेत आणि खाली ताटल्या आहेत. कृपया चादरींसाठी वेगळा धागा काढा. मला फुलांचं हवंय. आणखी एक, पानं आणि देठ चिकट लागतात. हा काही रोग आहे का?

बागुलबुवा :
नाही. पिटुनियाच्या अंगावर बारीक ग्रंथीची लव असते, त्यामुळे ती चिकटच लागते. मात्र पानं चकाकतायत, वर तेलकट थेंब पडलेत आणि मुंग्या फिरतायत असं असेल तर मावा ही रस शोषणारी कीड आहे. मुंग्या आहेत का?

गॅलरीवाली :
मुंग्या नाहीत. शेंड्याची पानं मात्र पिवळी पडलीयेत, शिरा हिरव्या आहेत.

मातीतली_माई :
एप्सम सॉल्ट! लिटरला अर्धा चमचा, फवारून दे. आठवड्यात हिरवंगार.

बागुलबुवा :
माई, एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कमी पडलं की आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोह कमी पडल्याचं लक्षण. पिटुनियाला किंचित आम्ल माती लागते, सामू (पीएच) साडेपाच ते सहाच्या आसपास. जड पाण्यानं सामू चढत जातो. मग मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. ताई, पाणी महापालिकेचं की टँकरचं?

गॅलरीवाली :
आधी महापालिकेचं होतं. नवीन वर्षापासून पाण्याची बोंब आहे, वापराला बोअरचं सोडतात. पण याचा कळ्यांशी काय संबंध?

बागुलबुवा :
शेंड्यांशी नक्की आहे. बादलीत पांढरा थर धरतो ना? पिण्याच्या नळाचं पाणी मिळेल तेवढं या कुंड्यांसाठी ठेवा. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड फेरस, म्हणजे मुळांना उचलता येईल असं लोह, मिळेल, पण डब्यावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या. साधं ईडीटीएवालं चढ्या सामूत टिकत नाही. कळ्यांचं कोडं मात्र यानं सुटत नाही, हे मलाही मान्य.

जनुकराव :
अवांतर : पिटुनियाचा विषय आहे म्हणून सांगतो. या झाडात मुळात नारिंगी रंग नव्हता. १९८७ साली जर्मनीत कोलोनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी मक्याचं एक जनुक पिटुनियात घातलं आणि विटकरी-नारिंगी फूल आणलं. प्रयोग तिथेच संपला असं सगळे समजत होते. २०१७ मध्ये फिनलंडमध्ये लक्षात आलं की बाजारात सर्रास विकली जाणारी नारिंगी पिटुनिया तीच, मक्याच्या जनुकाची आहेत, आणि परवानगी कुणीच घेतलेली नाही. मग युरोप-अमेरिकेत रोपं नष्ट करायची धावपळ. टोमॅटो, वांगी, मिरची, तंबाखू या सगळ्यांच्या कुळातलं हे झाड प्रयोगशाळांचं फार लाडकं आहे.

गॅलरीवाली :
माझी जांभळी आहेत.

वऱ्हाडी_ठेचा :
काहून एवढं सामू-बिमू करून राहिले बाप्पा? ताई, कळीला भोक आहे का तेवढं सांगा. टाचणीच्या डोक्याएवढं, गोल. आणि खालच्या पानांवर काळ्या कण्या पडल्यात का?

गॅलरीवाली :
भोक म्हणजे... काही कळ्यांना आहेत. आणि जी थोडी फुलं उमलली तीही फाटकीच होती, वाऱ्यानं असेल. कण्यांचं बघावं लागेल. ताटलीत काळं काहीतरी पडतं खरं, मला ते गांडूळखत वाटत होतं.

बागुलबुवा :
फुलं फाटकी आहेत हे तेविसाव्या प्रतिसादात?

वऱ्हाडी_ठेचा :
वारा असं गोल भोक पाडत नाही. भोक असलेली कळी तोडा आणि नखानं उभी चिरा. आत्ता.

गॅलरीवाली :
ई!!! चिरली. आतले केसर, मधली दांडी, सगळं खाऊन टाकलंय, आतून कळी पोकळ आणि ओल्या काळ्या घाणीनं भरलेली. तळाशी एक हिरवी अळी अर्धवर्तुळ होऊन बसलीये, अंगावर लांब फिकट रेघा. दुसऱ्या कळीत नुसतीच घाण, अळी निघून गेलेली. मी हात धुऊन आले. हे काय आहे?

वऱ्हाडी_ठेचा :
घाटे अळी. सध्या आमच्याकडे हरभऱ्यावर तीच आहे. घाट्यात तोंड खुपसून, धड बाहेर ठेवून दाणे खाते. तूर, कापूस, टोमॅटो, जे मिळेल ते तिला चालतं. पतंग रात्री येऊन एकेक सुटं अंडं घालतो, म्हणून झुंड दिसत नाही. बारीक अळी कोवळी पानं खरवडते, थोडी मोठी झाली की कळीत शिरते. एका कळीत पोट भरत नाही, मग दुसरीत. दोन-चार अळ्या तुमच्या टोपलीचा फडशा पाडतील. दिवसा त्या पानांखाली दडतात, म्हणून तुम्हाला दिसल्या नसतील.

खतपाणी_डॉट_घरी :
मग इमामेक्टिन मारा, विषय संपला. पंपाला चार-पाच ग्रॅम.

वऱ्हाडी_ठेचा :
दादा, त्यांच्याकडे पंप नाही, तीन टोपल्या आहेत. गॅलरीत कपडे वाळतात, पोरंसोरं असतील. शेतातली औषधं घराच्या गॅलरीत कशाला? ताई, असं करा. भोक असलेल्या सगळ्या कळ्या तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा, खाली टाकू नका. अंधार पडल्यावर मोबाइलची बॅटरी लावून लोंबत्या फांद्या उलट्या करून बघा, तेव्हा अळ्या बाहेर असतात. वेचून त्याच पाण्यात. हे चार-पाच रात्री करायचं. कुंडीतली वरची माती बोटभर उकरा, पूर्ण वाढलेली अळी मातीत जाऊन कोष करते.
फवारायचंच तर बीटी घ्या, जिवाणूवालं, किंवा पाच टक्के निंबोळी अर्क. दोन्ही संध्याकाळी, कारण उन्हात बीटी लवकर निकामी होतं. बीटी अळीच्या पोटात जावं लागतं आणि लहान अळीवरच नीट चालतं. कळीच्या आत बसलेलीला ते पोचतच नाही. म्हणून आधी वेचणी, मग फवारणी.

मातीतली_माई :
आंबट ताक आणि हिंग?

वऱ्हाडी_ठेचा :
माई, ताक प्या तुम्ही.

हडसनकाठचा :
आमच्याकडेही पिटुनियाच्या कळ्या अशाच खातात, इकडची तंबाखूवरची अळी. तिचीच चुलत बहीण. मी आधीच सांगणार होतो.

बागुलबुवा :
सांगितलं नाहीत ते सोडा. ठेचाभाऊ, मान गये. ताई, शेजारी आणखी काय काय लावलंय?

गॅलरीवाली :
विशेष काही नाही. तुळस, कढीपत्ता, दोन टोमॅटो. हळदीकुंकवाचं काय? फुलं कधी येतील?

बागुलबुवा :
त्या दिवशी येणार नाहीत, खोटं कशाला सांगू. अळ्या आवरल्यावर लांबलेल्या फांद्या निम्म्यानं छाटा. सगळ्या एकाच दिवशी नको. एकाआड एक फांदी आज, उरलेल्या पंधरा दिवसांनी, म्हणजे टोपली अगदी बोडकी दिसत नाही. छाटल्यापासून तीन-चार आठवड्यांत फुलं सुरू होतात. फेब्रुवारी-मार्च हातात आहे. यापुढे सुकलेलं फूल काढताना नुसती पाकळी ओढू नका, खालच्या हिरव्या बोंडासकट खुडा. बोंड राहिलं की झाड बी भरायला लागतं. हळदीकुंकवासाठी उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सरीतून फुललेल्या दोन टोपल्या आणा. आणताना कळ्यांची भोकं बघून आणा.

तळमजला :
आणि ताटल्या मोठ्या घ्या.

वऱ्हाडी_ठेचा :
थांबा, थांबा. टोमॅटो? त्या टोमॅटोला देठाजवळ गोल भोक पडलंय का?

गॅलरीवाली :
हो, तीन-चार फळांना. पक्षी खातात ना, म्हणून मी जाळी बांधली.

बागुलबुवा :
पाणी, ऊन, खत, दिशा, सगळं विचारलं हो. टोमॅटो आहेत आणि त्यांना भोकं आहेत हे आधी सांगायला काय झालं होतं?

गॅलरीवाली :
धागा पिटुनियाचा आहे. टोमॅटोबद्दल कुणी विचारलं होतं?

वऱ्हाडी_ठेचा :
भोकवाले टोमॅटो आजच तोडा आणि चिरून बघा, तुमचं बियाणं तिथेच आहे. हिरवी फळंसुद्धा. आणि ती जाळी काढा. चिमण्या, साळुंक्या अळ्या वेचतात, त्यासाठी आम्ही हरभऱ्यात मुद्दाम पक्षीथांबे लावतो. टोमॅटोच्या कुंड्या महिनाभर गच्चीवर हलवता आल्या तर हलवा.

गॅलरीवाली :
गच्चीला सोसायटीनं कुलूप लावलंय. जाळी काढतेय. बीटीचं छोटं पाकीट मिळतं का? दुकानदार किलोचंच देतो म्हणाला.

खतपाणी_डॉट_घरी :
शंभर ग्रॅमचं मिळतं, दुसऱ्या केंद्रात विचारा. तारीख बघून घ्या, जुनं झालं की काम करत नाही. आणि जाताच आहात तर ०:५२:३४ पण घेऊन या.