अत्यावश्यक औषधांचा तुटवडा : दोष तिजोरीचा की हिशेबाचा?

चर्चाप्रस्ताव
जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली आदर्श यादी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे बहुतेक विकसनशील देशांनी आपापल्या याद्या तयार केल्या. तरीही सरकारी दवाखान्यात गेलेल्या रुग्णाच्या हाती अनेकदा औषधाऐवजी ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठीच पडते. याचे खापर दर वेळी अपुऱ्या निधीवर फोडले जाते. माझ्या मते मोठा दोष मागणी ठरवण्याच्या पद्धतीत आहे. आरोग्य केंद्राची पुढील वर्षाची मागणी बहुधा गेल्या वर्षीच्या वापरावरून काढतात. एखादे औषध तीन महिने संपलेले असेल, तर साठा नोंदवहीत त्या महिन्यांपुढे ‘वापर : शून्य’ एवढेच लिहिले जाते, रिकाम्या हाताने परत गेलेल्या रुग्णांसाठी तिच्यात रकानाच नसतो. मग सरासरी खाली येते, मागणी कमी नोंदवली जाते आणि पुढच्या वर्षी तेच औषध आणखी लवकर संपते. साठा नसलेले दिवस वगळून सरासरी काढायला जादा निधी लागत नाही.

प्रतिसाद १
नोंदवही सुधारल्याने औषध येत नाही. श्रीलंकेची सार्वजनिक आरोग्यसेवा दीर्घकाळ नावाजलेली होती. पण २०२२ मध्ये परकीय चलनाचा खडखडाट झाला तेव्हा तेथील रुग्णालयांत आयात औषधांची टंचाई झाली आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. अर्थसंकल्पाचा किमान १५ टक्के वाटा आरोग्याला देण्याचा संकल्प आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी २००१ मध्ये अबुजा येथे केला, तोही बहुतेकांना पाळता आलेला नाही. पुरवठादारांची देयके महिनोन्‌महिने थकली, की ते पुढच्या निविदेकडे फिरकत नाहीत, किंवा थकबाकीची जोखीम दरातच धरतात. मागणीपत्र कितीही अचूक असले, तरी उधारीवर औषध मागणाऱ्या खात्याला कोण दाद देणार?

प्रतिसाद २
निधी आणि नोंदी दोन्ही ठीक असूनही औषध मिळत नाही, असेही घडते. बेंझाथिन पेनिसिलिन हे जुने, स्वस्त इंजेक्शन आहे. गर्भवतीचा सिफिलिस बाळापर्यंत पोहोचू नये यासाठी शिफारस केलेले ते एकमेव औषध. शिवाय ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना ते दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. नफा नगण्य असल्यामुळे त्याचा मूळ घटक बनवणारे कारखाने जगात मोजकेच उरले आणि गेल्या दशकात ब्राझीलसह अनेक देशांत त्याची टंचाई झाली. सर्वांत कमी दर देणाऱ्या एकालाच संपूर्ण कंत्राट देण्याच्या आग्रहाने उरलेले उत्पादकही बाजारातून बाहेर पडतात. दर थोडा चढा गेला तरी चालेल, पण मागणी किमान दोघांत विभागली पाहिजे.

चर्चाप्रस्तावक
श्रीलंकेचे उदाहरण खरे आहे, परंतु ते संपूर्ण अर्थव्यवस्था कोसळल्याचे आहे. मी बोलतो आहे तो बारमाही तुटवडा वेगळा असतो : एका भांडारात औषधाची मुदत संपते आणि त्याच काळात दुसऱ्या केंद्रात तेच औषध नसते. तेथे पैसा खर्च झालेलाच असतो. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. शीतकपाट बंद पडले तर नोंदवहीत साठा भरलेला दिसतो, पण कुपीतल्या औषधाचा गुण कमी होत जातो आणि ते कळते तेव्हा बाईचा जीव धोक्यात आलेला असतो. दोन पुरवठादारांची सूचना मला मान्य आहे, मात्र काही वर्षांच्या मागणीचा भरवशाचा आकडा हाती नसेल, तर कोणताही उत्पादक कारखाना चालू ठेवण्याची हमी देणार नाही.

प्रतिसाद १
जादा निधी लागत नाही, हे विधान मला अजूनही पटत नाही. औषधनिर्माण अधिकाऱ्याचे पद रिक्त असलेल्या केंद्रात साठा नोंदवही परिचारिकाच लिहिते, आणि प्रसूती, लसीकरण व मलमपट्टीही तीच करते. साठा नसलेले दिवस तिने रोज मोजावेत, असे वाटत असेल, तर ते पद आधी भरावे लागेल, आणि त्याचा पगार तिजोरीतूनच द्यावा लागेल.