देशोदेशीचा पेट्रोलचा खप: त्यातला घरगुती वाटा वेगळा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

कुटुंबागणिक पेट्रोलचा वापर निरनिराळ्या देशांत गेल्या वीसेक वर्षांत कसा बदलला, याची तुलना करतोय. एकूण विक्रीचे आकडे मिळतात, गाडं अडतंय ते त्यातला घरचा वाटा काढताना.

विक्रीला कुटुंबसंख्येने सरळ भागायचं, हे अमेरिकेपुरतं चालून जावं. रोजचा खप नव्वद लाख बॅरलच्या आसपास, म्हणजे माणशी दिवसाला चार लिटरच्या वर, आणि डिझेल मोटारी अगदी थोड्या. जपानचाही कल स्पष्ट आहे, २००४ च्या सुमारास शिखर आणि मग उतरण. पण लक्झेंबर्ग घ्या. तिथे इंधनावर कर कमी, त्यामुळे शेजारच्या देशांतून कामाला येणारे जाताना टाकी फुल करून जातात. भागाकार केला की लक्झेंबर्गची कुटुंबं उगाचच उधळी ठरतात! ब्राझीलची वेगळीच तऱ्हा. २००३ पासून तिथे फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणाऱ्या, मोटारी आहेत. इथेनॉल स्वस्त झालं की लोक तेच भरतात, पेट्रोलचा आलेख खाली येतो, मोटारी मात्र तेवढ्याच धावतात.

दुसरा मार्ग म्हणजे कौटुंबिक खर्चाच्या पाहणीतला इंधनखर्च घेऊन त्याला दराने भागायचं. अमेरिकेत २०२१ ते २०२२ मध्ये हा सरासरी खर्च सुमारे २,१५० डॉलरवरून ३,१२० वर गेला, देशाचा खप मात्र जवळपास जैसे थे. म्हणजे दराने भागणं भागच आहे. पण हे कितपत ग्राह्य धरतात? कुणी केलंय का?

प्रतिसाद १:
अमेरिकेसाठी ठीक, युरोपात फसाल. तिथल्या पाहण्यांत 'वैयक्तिक वाहनांचं इंधन व वंगण' असा एकच रकाना असतो, त्यात डिझेल आणि ऑइलही आलं. त्याला पेट्रोलच्या दराने भागून काय मिळणार? शिवाय कंपनीने दिलेल्या मोटारीचं इंधन कंपनी भरत असेल तर ते या खर्चात दिसतच नाही. प्रवास-पाहणी मिळत असेल तर किलोमीटर आणि मोटारींचं सरासरी मायलेज यांवरून काढा. आणि लिटरची बेरीज करू नका, ऊर्जेत मोजा. लिटरमागे डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा जास्त, इथेनॉलमध्ये साधारण एक तृतीयांश कमी.

धागाकर्ता:
आभार! ऊर्जेतच मोजतो. एक शंका राहिली. भारतात पेट्रोलचा मोठा हिस्सा दुचाकींत जातो. दिवसा डिलिव्हरी आणि संध्याकाळी घरची कामं करणाऱ्या दुचाकीचं पेट्रोल कोणत्या खात्यात टाकायचं?