‘बालगंधर्व लाव’ म्हटलं की काय लागतं?

ओसरी: काल एकाने लिहिलं, ‘तोंडाने सांगून गाणी लावणं हा निव्वळ आळस. शोधायचे कष्ट गेले की ऐकण्याची गोडीही जाते.’ डोक्यात गेलं, म्हणून हा धागा. माझी आई ७९ वर्षांची. काचबिंदूमुळे तिला फोनवरची अक्षरं दिसत नाहीत. आधी गाण्यासाठी आम्हाला हाका मारायची, मग संकोचून तेही सोडलं. आता पहाटे स्पीकरला स्वतः सांगते आणि भीमसेनांचे अभंग सुरू होतात. हा आळस?

तिसरी घंटा: आईंचं मान्य. पण यंत्राला कळतं कुठे? मी ‘बालगंधर्व लाव’ म्हटलं, तर २०११च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटातली गाणी लागली, आनंद भाटेंनी गायलेली. मला नारायणराव, म्हणजे खुद्द बालगंधर्व हवे होते!

मिरजकर: त्यात बोलण्याचा काय दोष? गाण्याच्या नोंदीत बहुधा गाणं, गायक, अल्बम एवढंच. राग नाही, नाटक नाही. नावं रोमनमध्ये, म्हणजे ‘ळ’चा ‘ल’ झालेला. नोंदी करणाऱ्यांना धरा.

तिसरी घंटा: टाइप केलं की यादी दिसते, हवं ते निवडता येतं. बोललं की यंत्रच एक ठरवून मोकळं होतं. फरक आहे.

गच्चीवरून: भाटेंचं लागलं तर बिघडलं कुठे? जुन्या तबकड्यांत नुसती खरखर.

तिसरी घंटा: खरखर?? मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात नारायणराव अख्खं पद उभं करायचे. आमचे आजोबा ती तबकडी धोतराच्या सोग्याने पुसून लावत. तुम्ही खरखर ऐकत बसा.

गच्चीवरून: आवाज चढवू नका. त्याच चित्रपटामुळे माझा मुलगा नाट्यपदं गायला लागला. घरात आजोबांची तबकडी नव्हती आमच्या.

तिसरी घंटा: बरं, हे लागलं मनाला. भाटे उत्तमच गातात. पण मी हाक मारली दुसऱ्याला.

ओसरी: अहो, मूळ विषय! आई नुसतं नाव घेत नाही, पदाचे पहिले शब्द आणि मग गायक सांगते. तसं करून बघा.

तिसरी घंटा: केलं. ‘नाथ हा माझा, बालगंधर्व.’ लागलं, खरखरीसकट. आईंना नमस्कार सांगा. नोंदींबद्दल मिरजकरांचंही खरं. पण यादीचा मुद्दा मी सोडलेला नाही.