फँटसी सुचवा: दरबार चालेल, रक्ताचा सडा नको, साखरेचा पाकही नको

निवडुंग
मोठ्यांसाठीची फँटसी हवी आहे, इंग्रजी चालेल. गोष्ट पूर्ण झालेली असावी. १९९६ ला सुरू होऊन २०११ नंतर पुढचा खंडच न आलेली ती ('गेम ऑफ थ्रोन्स'वाली) मालिका कृपया सुचवू नये. ५०० पानांच्या आसपास असेल तर उत्तम.
आवडनिवड: जो अ‍ॅबरक्रॉम्बीच्या 'फर्स्ट लॉ'मधला तिरकसपणा आवडतो, त्यातला लंगडा चौकशी अधिकारी ग्लोक्टा तर फारच. पण तिसऱ्या भागाअखेर तोंड कडू होतं, तसं नको. दुसऱ्या टोकाला 'लेजेंड्स अँड लाटेज' फार गोड वाटलं, अर्ध्यात सुटलं. बलात्कारावर कथानक चालवलेलं नको, लहान मुलांचे हाल नकोत. थोडक्यात, डार्क नको पण संघर्ष हवा.

कंदीलवाला
'डार्क नको' एवढ्यावर सल्ला देता येत नाही हो. सूर वेगळा, संघर्ष वेगळा. लोक 'डार्क नको' ऐकलं की कमी मारामारीचं पुस्तक पुढे सरकवतात आणि तिथेच घोळ होतो. रॉबिन हॉबची फार्सीअर त्रयी (१९९५ ते ९७) बघा. लढाया मोजक्या, पण नायकाच्या पदरी सुख म्हणून पडू देत नाही बाई. तलवारी मोजून पुस्तक निवडलं तर इथे हमखास फसाल.
'लाटेज'मध्येही अडचण गोडव्याची नाही. ज्या गावाला कॉफी म्हणजे काय हेच ठाऊक नाही, तिथे एक ऑर्क (फँटसीतल्या राक्षसी जमातीतली बाई) कॉफीचं दुकान काढते. दुकान चालेल का, एवढंच पणाला लागलेलं. तेव्हा आधी सांगा: पणाला काय लागलेलं हवं? जीव, राज्य, की माणसाची स्वतःबद्दलची समजूत?

निवडुंग
तिसरं. राज्य मागे कुठेतरी असलं तर हरकत नाही.

शेवंता
मग कॅथरीन अ‍ॅडिसनचं 'द गॉब्लिन एम्परर' (२०१४). बाप आणि तिघे सावत्र भाऊ हवाई जहाजाच्या अपघातात जातात आणि आडगावी टाकून दिलेला अठरा वर्षांचा माया एकदम सम्राट होतो. लढाई नाही. सगळा झगडा असा, की ज्यांनी आजवर हिडीसफिडीस केली त्यांच्यावर सत्ता आल्यावर हा पोरगा कसा वागेल.
पहिल्या ५० पानांत बरेच जण गळतात, कारण नावं. एकाच माणसाचं नाव, घराणं आणि पद असे तीन शब्द येतात, आणि स्त्री-पुरुष, विवाहित-अविवाहित यानुसार आडनावाचा शेवट बदलतो. शेवटी यादी आणि नावांचे नियम दिले आहेत, ते आधी वाचा. किंडलवर असाल तर तिथे बुकमार्क टाकून ठेवा.
दरबारात माया स्वतःला 'आम्ही' म्हणतो आणि खासगीत 'मी'वर येतो. इंग्रजी वाचकाला हे शिकावं लागतं, तू-तुम्ही-आपण बोलणाऱ्याला नाही. कोण कधी 'मी'वर घसरतो तिकडे लक्ष ठेवा, अर्धं राजकारण तिथे कळतं.
तुमच्या अटीबाबत: पालक म्हणून नेमलेल्या सेथेरिसने पूर्वी केलेला छळ आठवणींतून येतो, रंगवलेला नाही.

पाचवा_देव
'गॉब्लिन' चांगलं आहे, पण ग्लोक्टा आवडणाऱ्याला माया फार सोज्वळ वाटेल. माझं मत लोइस मॅकमास्टर बुजोल्डच्या 'द कर्स ऑफ चालियन'ला (२००१). नायक काझारिल पस्तिशीचा, मोडलेला, गुलामीत गलबतावर वल्ही मारून आलेला. मोठं काही नको, स्वयंपाकघरात काम मिळालं तरी पुरे, अशा बेतात जुन्या मालकिणीच्या दारी येतो आणि राजकन्येचा शिक्षक होऊन बसतो. ग्लोक्टासारखंच पिचलेलं शरीर आणि स्वतःवरचा कोरडा विनोद, फक्त माणूस आतून सडलेला नाही.
सक्तीच्या लग्नाचं सावट मध्यावर आहे, ते आधीच सांगतो. पान ५०० च्या आत, गोष्ट एका पुस्तकात संपते. पुढचं 'पॅलॅडिन ऑफ सोल्स' (ह्यूगो पुरस्कार, २००४) वेगळ्या नायिकेचं आहे, पण त्यात पहिल्याचे सगळे धागे उघडे पडतात. उलट क्रमाने वाचू नका.

उंटावरचा
टेरी प्रॅचेट कोणी कसा घेतला नाही? 'स्मॉल गॉड्स' (१९९२). त्याच्या डिस्कवर्ल्ड मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत म्हणून घाबरू नका, ही सुटी वाचता येते.

शेवंता
पण ते विनोदी ना?

उंटावरचा
विनोदी म्हणजे हलकं नव्हे. धर्मपीठाचं यातनागृह आहे, आणि तिथले कर्मचारी काम थांबवून दिवसातून दोनदा कॉफी पितात. मगवर लिहिलेलं असतं, जगातले सर्वोत्तम बाबा. रक्त जवळजवळ नाहीच, तरी अंगावर काटा येतो. आणि पणाला लागलंय ते निवडुंग यांना हवं तेच: देवाला एकच खरा भक्त उरलाय, आणि त्या भक्ताला आता स्वतःच्या डोक्याने ठरवायचंय.

निवडुंग
तिन्ही नोंदवली. विकत घेण्याआधी सूर पारखता येतो का? मलपृष्ठावरचा मजकूर सगळीकडे सारखाच असतो.

कंदीलवाला
येतो. किंडलवर नमुना फुकट मिळतो, साधारण सुरुवातीचे दहा टक्के. त्यात पहिली इजा शोधा, म्हणजे दुबळ्या माणसाला पहिल्यांदा त्रास होतो ती जागा. मग बघा लेखक तिथे किती ओळी थांबतो आणि कोणाच्या डोळ्यांनी बघतो. 'चालियन'मध्ये हमामखान्यात काझारिलच्या पाठीवरचे फटक्यांचे वळ पाहून पोऱ्या हबकतो. फटके दाखवलेलेच नाहीत, दाखवलीय ती पोऱ्याची नजर आणि काझारिलची शरम. पुढचं पुस्तक असंच आहे. याउलट जखमेचंच वर्णन परिच्छेदभर चाललं असेल, तर पुढेही तेच वाढून ठेवलेलं असतं.
ही युक्ती दोन ठिकाणी फसते. एक, विनोदी पुस्तकात, कारण विनोद इजेवरून नजर हटवतो. दोन, लेखक मुद्दाम माहिती दडवतो तिथे. गाय गॅव्हरिएल केचं 'लायन्स ऑफ अल-रसान' (१९९५) असं आहे. खलनायक नाही, दोन भली माणसं दोन बाजूंना, पण कोण मेलं ते पानंपानं सांगत नाही. कुणाला ते भारी वाटतं, मला चीड येते.
आणि माझी भर: अर्सुला ले ग्विनच्या 'अर्थसी' मालिकेतलं 'द टूम्ब्स ऑफ अतुआन'. तळघरातलं भुयार, दिवा लावायला बंदी, आणि आपण आयुष्यभर ज्याची पूजा केली ते पूजेच्या लायकीचं आहे का हा प्रश्न. २०० पानांच्या आत. पोरीला लहानपणीच घरातून नेतात आणि तिचं नाव काढून घेतात, हाल म्हणाल तर एवढेच.

निवडुंग
आधी 'चालियन', मग हे. अर्थसी पहिल्यापासून वाचावं लागेल का?

कंदीलवाला
पहिलं (१९६८) वाचाच, तेही छोटंच आहे आणि मालिकेतला जादूगार गेड कोण ते कळतं. 'अतुआन' दुसरं, 'द फार्देस्ट शोर' (१९७२) तिसरं. चौथं 'तेहानू' (१९९०) मात्र तुमच्या अटीत बसत नाही, त्यात मुद्दाम आगीत ढकललेली लहान मुलगी केंद्रस्थानी आहे. तीनवर थांबलात तरी गोष्ट अर्धवट वाटत नाही.