शब्दचर्चा: ‘नैसर्गिक’, ‘सुरक्षित’ आणि मिर्सीन

दूरदेशी:
नमस्कार मंडळी. मी कॅनडात राहते. इथे ऑक्टोबर 2018 पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर आहे. आमच्या मंडळात सत्तरी ओलांडलेली बरीच माणसं आहेत. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला झोप लागत नाही, आणि घरातली तरुण मंडळी ‘हे घेऊन तर बघा’ म्हणतात. त्यांच्यासाठी आम्ही मराठीत माहितीपत्रक करतोय. खर्ड्यातलं एक वाक्य असं आहे: ‘या उत्पादनात मिर्सीन हे वनस्पतिजन्य, खाण्यासाठी सुरक्षित असं नैसर्गिक स्वादद्रव्य आहे.’ व्हेपच्या (द्रव तापवून ओढायच्या उपकरणाच्या) खोक्यावरच्या मजकुराचं हे भाषांतर. एका आजींनी ते वाचून विचारलं, ‘म्हणजे वेलदोड्यासारखंच ना?’ त्यावर काय उत्तर द्यावं हे कुणालाच सुचेना. तेव्हा या वाक्यातला एकेक शब्द तपासून हवाय. ‘फ्लेवरिंग’ला स्वादद्रव्य म्हणावं का? ‘फूड ग्रेड’ला काय म्हणावं? आणि ‘हॅझर्ड’ काय, ‘रिस्क’ काय, दोन्हींना आपण धोकाच म्हणतो, ते चालेल का?

प्रयोगवही:
ताई, ‘स्वादद्रव्य’ चालेल, माझी हरकत नाही. मिर्सीन जिभेला कमी आणि नाकाला जास्त कळतं, म्हणून काहीजण ‘स्वादगंध’ लिहितात. पण पत्रकात सोपा शब्द ठेवा. ‘अर्क’ मात्र नको. अर्कात शेकडो घटक असतात आणि मिर्सीन हे एकच रसायन आहे.

ते कुठे असतं ते सांगतो, म्हणजे पुढचे शब्द ठरवणं सोपं जाईल. आंबेहळदीचा ताजा गड्डा किसला की कैरीचा जो वास घरभर होतो, त्यात मिर्सीनचा मोठा वाटा आहे. कैरीतही ते आहे, गवती चहात आहे, बिअरच्या हॉप्समध्ये तर भरपूर. हॉप्स आणि गांजा एकाच कुळातल्या वनस्पती, त्यामुळे गांजाच्या फुलातही बहुतेक वेळा हेच टर्पीन (वनस्पतींतलं वासाचं द्रव्य) पुढे असतं.

आता ‘वनस्पतिजन्य’. बाजारातलं बरंचसं मिर्सीन आंब्यातून येत नाही, गांजातूनही नाही. पाइनच्या झाडापासून टर्पेंटाइन मिळतं, त्यातलं बीटा-पायनीन वेगळं काढतात आणि ते खूप तापवून त्याचं मिर्सीन करतात. झाडापासूनच सुरुवात, म्हणून ‘वनस्पतिजन्य’ म्हटलं तर खोटं नाही. पण आजींच्या डोळ्यांसमोर वेलदोड्याची शेंग येते, रंग पातळ करायचं टर्पेंटाइन येत नाही. मी असतो तर ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द काढून टाकला असता. द्रव्य कशापासून आणि कसं केलं हे खोक्यावर असेल तर ते लिहा, नसेल तर गप्प बसा.

मोगरा:
‘नैसर्गिक’ची अडचण तर आपल्याकडच्या वेष्टनांवरही आहे. भारतात स्वादद्रव्यांचे तीन वर्ग आहेत: नैसर्गिक, ‘नेचर-आयडेंटिकल’ आणि कृत्रिम. मधल्या वर्गाला मराठीत ‘निसर्गसदृश’ लिहिलेलं मी पाहिलंय. सदृश म्हणजे सारखं दिसणारं. इथे तर रेणू तोच, फक्त तो कारखान्यात घडवलेला किंवा रासायनिक प्रक्रियेने वेगळा केलेला. ‘निसर्ग-एकरूप’ म्हटलं तर जास्त नेमकं होईल. युरोपनं 2008 च्या नियमांत हा मधला वर्गच काढून टाकला. आता तिथे ‘स्वादद्रव्य’ आणि ‘नैसर्गिक स्वादद्रव्य’ एवढे दोनच.

प्रयोगवही:
‘निसर्ग-एकरूप’ला माझं अनुमोदन.

औषधवाला:
मी विषशास्त्रात काम केलं आहे, आता निवृत्त आहे. मोगराताईंच्या मुद्द्याला जोडून एक प्रकरण सांगतो, कारण हे शब्द किती जपून वापरायला हवेत ते मिर्सीनच्याच बाबतीत फार स्पष्ट दिसतं.

2010 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमानं मिर्सीनवरचा अहवाल काढला. उंदरांच्या दोन जातींना, मोठ्या आणि लहान, मक्याच्या तेलात मिसळलेलं मिर्सीन नळीनं थेट पोटात दिलं. आठवड्यातून पाच दिवस, दोन वर्षं. मात्रा होत्या वजनाच्या दर किलोला 250, 500 आणि 1000 मिलिग्रॅम. मोठ्या जातीच्या नरांत मूत्रपिंडाच्या गाठी झाल्या, लहान जातीच्या नरांत यकृताच्या. या दोन्हींबद्दल अहवाल ‘स्पष्ट पुरावा’ असा शब्द वापरतो; माद्यांबद्दलचा पुरावा संदिग्ध ठरला. जिवाणूंवरच्या चाचणीत मात्र जनुकबदल घडवण्याचा गुण दिसला नाही.

मात्रेचा अंदाज घ्या. 60 किलोच्या माणसाला सर्वांत कमी मात्रा द्यायची तर रोज 15 ग्रॅम शुद्ध मिर्सीन पाजावं लागेल. जेवणातून आपल्या पोटात जातं ते याच्या आसपासही नाही.

तरीही ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं कृत्रिम मिर्सीनची अन्नातली परवानगी काढून घेतली. त्याच आदेशात पुलेगोन, मिथाइल युजेनॉल, बेन्झोफेनोन वगैरे मिळून सहा द्रव्यं होती. प्रशासनानं स्वतःच लिहिलं की ज्या प्रमाणात ही वापरली जातात त्यात लोकांच्या आरोग्याला जोखीम दिसत नाही. मग काढली का? तिथे 1958 पासून डिलेनी कलम आहे: प्राण्यात किंवा माणसात कर्करोग घडवतं असं ठरलेलं कोणतंही अन्नात मिसळायचं द्रव्य मंजूर करता येत नाही. मात्रा किती, हा प्रश्न ते कलम विचारतच नाही. कंपन्यांना बदल करायला 24 महिने दिले. आणि आंब्यात, तुळशीच्या जातीतल्या बेसिलमध्ये असलेलं किंवा त्यांच्यापासून काढलेलं तेच मिर्सीन आदेशाबाहेर राहिलं.

म्हणून हॅझर्ड आणि रिस्क यांना एकच शब्द चालणार नाही. पहिला शब्द द्रव्याच्या अंगच्या गुणाबद्दल बोलतो: हे अपाय करू शकतं का? दुसरा परिस्थितीबद्दल बोलतो: इतकं, अशा मार्गानं, इतके दिवस, या माणसाला दिलं तर अपाय होण्याची शक्यता किती? पहिल्याला मी ‘अपायक्षमता’ म्हणतो, दुसऱ्याला ‘जोखीम’. विमा आणि शेअरबाजारामुळे ‘जोखीम’ सगळ्यांच्या ओळखीची झालेली आहे, ती वापरा. ‘धोका’ हा शब्द अशा पत्रकात टाळलेला बरा. हिंदीच्या सवयीनं त्याचा अर्थ फसवणूक असाही घेतला जातो.

मोगरा:
सर, याच मुद्द्यावर वर्तमानपत्रांची एक गल्लत दिसते. ल्योनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था अपायक्षमतेचे गट करते, जोखमीचे नव्हे. त्यांनी मिर्सीन 2बी गटात टाकलंय. आपल्याकडे 2ए आणि 2बी दोन्हींना ‘संभाव्य कर्करोगकारक’ छापतात. इंग्रजीत मात्र एकाला ‘प्रोबॅबली’, दुसऱ्याला ‘पॉसिबली’. फरक पुराव्याच्या वजनाचा आहे.

औषधवाला:
अगदी बरोबर. 2ए ला ‘बहुधा’, 2बी ला ‘कदाचित’. रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत आणि त्यांतला फरक शाळकरी मुलालाही कळतो. ‘मिर्सीन माणसात कदाचित कर्करोगकारक असावं, असं प्राण्यांवरच्या पुराव्यावरून म्हटलं आहे’ असं वाक्य करा. किती खाल्लं तर, हे तो गट सांगत नाही, तेही पुढे जोडा.

दूरदेशी:
हे फार उपयोगी आहे. पण मग ‘फूड ग्रेड’? खोक्यावर तोच शब्द सर्वांत ठळक आहे. आणि एक संक्षेप येतो, ‘सर्वसाधारणपणे सुरक्षित मानलेलं’ अशा अर्थाचा. तो देवनागरीत ‘ग्रास’ असा लिहिला तर मराठीत घास असा अर्थ होतो.

प्रयोगवही:
मग तो संक्षेप लिहूच नका, पूर्ण अर्थ द्या. आणि पूर्ण अर्थ देताना अर्धा सोडू नका. मूळ कायद्यात ‘ठरलेल्या वापराच्या अटींत सुरक्षित’ असं आहे. अट गळली की वाक्याचा अर्थच फिरतो. स्वादद्रव्यांच्या बाबतीत ठरलेला वापर म्हणजे अन्नात, अल्प प्रमाणात, तोंडावाटे. अमेरिकेतल्या स्वादद्रव्य उत्पादकांच्या ‘फेमा’ या संघटनेनं स्वतःच जाहीर सांगितलंय की त्यांचा सुरक्षिततेचा निर्वाळा अन्नापुरता आहे, ई-सिगारेटसारख्या श्वासावाटे घ्यायच्या वस्तूंना तो लागू नाही. तेव्हा ‘फूड ग्रेड’ला ‘अन्नात वापरण्याच्या दर्जाचं’ म्हणा आणि लगेच पुढे ‘श्वासावाटे घेण्यासाठी तपासलेलं आहे असा याचा अर्थ नाही’ असं लिहा. जागा कमी असेल तर दुसरं काही कापा, हे वाक्य कापू नका.

औषधवाला:
मार्ग बदलला की द्रव्याचा प्रवासच बदलतो. खाल्लेलं आतड्यातून आधी यकृताकडे जातं, तिथे त्याची बरीच मोडतोड होते, मग उरलेलं शरीरभर. ओढलेलं फुप्फुसातून सरळ रक्तात. शिवाय फुप्फुसाच्या बारीक नळ्यांना स्वतःला काय होतं, हा वेगळाच प्रश्न.

लोण्याच्या वासाचं डायअसिटिल घ्या. खाण्यात ते वर्षानुवर्षं होतं. 2000 साली अमेरिकेत मिसूरीतल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यात काम केलेल्या आठ जणांना श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार झाल्याचं उघडकीस आलं. पॉपकॉर्न खाऊन झालेला नव्हता तो. रोज कामावर त्या वासाची हवा ओढून झालेला होता. 2019 मध्ये व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची जी साथ अमेरिकेत आली, तिच्याशी व्हिटॅमिन ई ॲसिटेटचा सर्वांत घट्ट संबंध आढळला. हेच द्रव्य गोळीत आणि त्वचेच्या मलमात चालतं. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जण रुग्णालयात दाखल झाल्याची किंवा दगावल्याची नोंद आहे, त्यात 68 मृत्यू.

आणि तापवल्यावर मिर्सीन हे मिर्सीनच राहतं असंही नाही. 2017 मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या रसायनतज्ज्ञांनी गांजाचा घट्ट अर्क तापत्या पृष्ठभागावर टाकून ओढतात त्या पद्धतीचा अभ्यास केला. टर्पीनच्या विघटनातून मेथॅक्रोलीन आणि, तापमान फार चढल्यावर, बेन्झीनही मिळालं. बेन्झीन माणसात कर्करोगकारक आहे, तिथे ‘बहुधा’ नाही आणि ‘कदाचित’ही नाही. म्हणजे खोक्यावर नाव एका द्रव्याचं आणि छातीत जातं ते मिश्रण भलतंच.

मोगरा:
यावरून माझी एक कळकळीची सूचना. पत्रकात व्हेपला ‘वाफ’ किंवा ‘वाफारा’ म्हणू नका, ताई. आपल्या घरात वाफारा म्हणजे सर्दी झाल्यावर डोक्यावरून टॉवेल घेऊन ओव्याची किंवा निलगिरीची वाफ. तो शब्द औषधाच्या बाजूचा आहे. आजी तो वाचून निर्धास्त होतील. व्हेपमधून निघते ती पाण्याची वाफ नव्हेच. तेलकट द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. ‘ओढणे’ हे क्रियापद वापरा. विडी ओढतात, हेही ओढतात. त्यात छातीशी संबंध आपोआप येतो.

दूरदेशी:
पटलं. खर्ड्यात खरोखर ‘वाफ घेणे’ आहे, आजच बदलते. ‘मिर्सीनमुळे झोप लागते’ असंही दुकानात सांगतात, ते लिहावं का?

औषधवाला:
लिहू नका. गुंगीचे प्रयोग आहेत ते उंदरांवर, मोठ्या मात्रा देऊन केलेले. माणसांवरचा पुरावा फार तुटपुंजा आहे. आणि ज्या ज्येष्ठांना रक्त पातळ करायची किंवा झोपेची गोळी चालू आहे त्यांच्या बाबतीत मिर्सीनपेक्षा गांजातल्या मुख्य घटकांशी त्या गोळ्यांचं जमतं का, हा खरा प्रश्न आहे. तो डॉक्टरांना किंवा औषधदुकानातल्या फार्मासिस्टला विचारायला सांगा, ठळक अक्षरात.

खलबत्ता:
उशिरा येतोय. ‘नैसर्गिक’बद्दल एक जोड. आपल्या आजींच्या बटव्यातलं वेखंड घ्या. त्याच्या तेलात बीटा-असारोन असतं. भारतातल्या अन्ननियमांत स्वादद्रव्य म्हणून बंदी असलेल्यांची यादी आहे, तिच्यात बीटा-असारोन आहे. सॅफ्रोल, थुजोन, एस्ट्रागोल हीही त्याच यादीत, सगळी वनस्पतींत सापडणारी. तुमच्याकडच्या आजींना सांगताना हे उदाहरण जवळचं वाटेल. वेखंड नैसर्गिक आहे यात शंका नाही. पण ‘नैसर्गिक’ हे मूळ गाव सांगतं, स्वभाव सांगत नाही.

एक विचारतो: पत्रकात ‘हेम्प’ला (गांजाच्याच जातीच्या वनस्पतीला) काय लिहिलंय?

दूरदेशी:
शब्दकोशात पाहून ‘अंबाडी’ लिहिलंय. ‘अंबाडीच्या बियांचं तेल’. चुकलं का?

खलबत्ता:
तातडीनं बदला. अंबाडी ही वेगळी वनस्पती, जास्वंदीच्या कुळातली. पानं गांजासारखी हाताच्या बोटांगत फाटलेली, म्हणून तिच्या शास्त्रीय नावातच ‘कॅनाबिनस’ आलं, आणि इंग्रजीत तिला दख्खनी हेम्प म्हणतात. तिची आपण भाकरीबरोबर भाजी खातो. ‘सन हेम्प’ म्हणजे ताग, तीही तिसरीच. कोशांत हे सगळं एकाच ओळीत येतं आणि गोंधळ होतो.

गांजा, भांग, चरस हे आपले शब्द झाडाच्या भागांचे आहेत: फुलोरा, पानं, राळ. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातही गांजा म्हणजे फुलोरा. त्यापासून वेगळी असलेली पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. अख्ख्या वनस्पतीला एकच सर्वमान्य मराठी नाव नाही. ‘भांगेचं झाड’ म्हणतात ते त्यातल्या त्यात बरं. भारतात नोव्हेंबर 2021 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं बिया, बियांचं तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलं, त्याला ‘भांगेच्या बियांचं तेल’ म्हणा, किंवा सरळ ‘हेम्प बियांचं तेल’. अंबाडी लिहिलंत तर कुणीतरी भाजीवाल्याकडून जुडी आणेल, किंवा याउलट, दुकानातली ती बाटली आपल्या ओळखीच्या भाजीची समजून घरी नेईल.